उसातली तोफ

आमच्या घरात कुणी स्वस्थ बसलेलं मला आठवत नाही. आबा बसत नसत म्हणून आईला बसता येत नसे, आणि ती दोघं उभी म्हटल्यावर विलासदादानं आणि मी तरी कुठं टेकायचं? आबा फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा मी आठवीत होते. सगळी नोकरी त्यांनी तोफखान्यात काढली, तोफ ओढणाऱ्या गाडीचे ड्रायव्हर म्हणून. घरी आल्यावर महिन्याभरातच ते एका फौंड्रीच्या ट्रकवर लागले. ते ट्रक घेऊन बाहेरगावी गेले की घर जरा सैल पडायचं आणि आले की पुन्हा ताणलं जायचं. रागीट नव्हते हो. त्यांनी हात उगारलेला मी कधी बघितला नाही. पण माणूस टेकायचाच नाही. पुढच्या दारापासून मागच्या अंगणातल्या म्हशीपर्यंत त्यांच्या फेऱ्या चालायच्या. सकाळी आधी धारेचा आवाज, मग आईच्या भाकरी थापण्याचा, मग आबांच्या वहाणांचा, असे तीन आवाज एकावर एक चढत आणि त्यातच मी अभ्यास करायची. जेवायलासुद्धा ते उंबऱ्यातच उभे. डाव्या हातात ताटली, ताटलीत भाकरी, भाकरीवर खर्डा, आणि नजर रस्त्यावर. रविवारी मटण असलं तर पांढऱ्या रश्श्याची वाटी चहासारखी उभ्या-उभ्या पिऊन टाकायचे आणि वाटी कुठं ठेवली ते विसरायचे. आई म्हणायची, "अवो, बसून जेवा की. कोण पळवून न्हेतंय व्हय?" आबा म्हणायचे, "जेवतोय की." संपलं.

पाकिस्तानच्या लढाईबद्दल ते चकार शब्द बोलत नसत. शेजारपाजारचे लोक सुरुवातीला विचारायला येत, "फौजी, सांगा की तिकडचं काय," तर आबा म्हणत, "लई थंडी हुती." दोन-तीनदा थंडीचंच ऐकल्यावर लोकांनी विचारणं सोडून दिलं. मी मात्र सोडलं नव्हतं. मी विचारत नव्हते, पण आत सारखं काहीतरी हुळहुळायचं. वर्गात इतर मुलींचे वडील वकील, डॉक्टर, पेढीवाले. माझे लढाईवर जाऊन आलेले, आणि मला सांगण्यासारखं काय होतं, तर लई थंडी हुती. आज माझा नातू फोनवर बोलताना घरभर फिरतो आणि सून त्याच्यावर ओरडते. मी काही बोलत नाही. फिरणाऱ्या माणसाला बसवून काही मिळत नाही, एवढं मला कळलेलं आहे.

तोफ आली तो शनिवार होता, कारण आमची सकाळची शाळा होती. लढाईत जिंकून आणलेल्या तोफा सरकार गावोगावी स्मारकासाठी देत होतं, आणि आमच्या पेठेच्या चौकात अशी एक तोफ यावी म्हणून आप्पासाहेबांनी दिल्लीपर्यंत अर्ज केले होते. आप्पासाहेब गुळाचे व्यापारी, तरुणपणीचे पैलवान. पेठेत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. घरात मुंगीसुद्धा मारू न देणारे जैन, पण तोफेसाठी वर्षभर झटले. रेल्वेच्या मालधक्क्यापासून तोफ मिरवत आणली. पुढं हलगी, घुमकं, कैताळ, मागं तालमीची पोरं गुलालात लाल झालेली, आणि त्यांच्या मधून एका ट्रकमागं ती येत होती. मला वाटलं होतं, पन्हाळ्यावर असते तशी जाडजूड, तोंड वासलेली तोफ असेल. ही तशी नव्हती. रबरी चाकांची होती, पुढं लोखंडी ढाल, आणि नळी लांबसडक, बारीक, एखाद्या बगळ्याची मान असावी तशी. ढालीवर कशाकशाचे खड्डे पडले होते. बायकांनी चाकांवर पाणी घातलं, नळीला कुंकू लावलं. माझ्या आईनंसुद्धा ओवाळलं. मी गर्दीतून आत घुसून ढालीला हात लावला तर उन्हानं ती इतकी तापलेली होती की हात भाजला. तिथंच उभी राहून मी सगळ्या खड्ड्यांत एकेक बोट घालून बघितलं.

आबा त्या दिवशी बेळगावला गेले होते. संध्याकाळी परतताना त्यांचा ट्रक चौकात आला तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी ट्रक थांबवला. इंजिन चालू ठेवून ते केबिनमधून तोफेकडं बघत राहिले. मी हात केला, पण त्यांना दिसलं नसावं. मग त्यांनी ट्रक तसाच मागं घेतला, मागच्या गाड्या कोकलत असताना, आणि बोळातून वळसा घालून घरी आले. त्या दिवसापासून ते त्या चौकातून कधी आले नाहीत. लांबचा रस्ता धरायचे. आईला वाटलं, गर्दी टाळतात. मलाही तसंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात मराठीच्या बाईंनी तोफेवर निबंध घातला आणि कुणाला तोंडी काही सांगायचं आहे का म्हणून विचारलं. माझ्या बाकावर रेखा बसायची, डॉक्टरांची मुलगी. तिनं मान वळवून मला विचारलं, "तुझे वडील लढाईवर होते ना? पण ते ड्रायव्हरच होते, नाही का?" वाईट हेतूनं विचारलं नसेल. पण तो 'च' मला असा लागला की मी उठून उभीच राहिले. आम्ही कोल्हापूरच्या मुली तेव्हा 'मी जातो, मी येतो' असंच पोरांसारखं बोलायचो, आणि पोरांसारखंच छाती काढून मी सांगितलं, "बाई, ही तोफ माझ्या आबांनी धरलीय." वर्ग गप्प झाला. गप्प झालेल्या वर्गात जी मजा आहे ती मी तोवर कधी चाखली नव्हती. मग मला थांबता येईना. तोफ उसात लपवली होती, मी म्हणाले. आबा एकटेच उसात शिरले, हातात फक्त गाडीचा लोखंडी पाना. तिघांना लोळवलं आणि तोफ गाडीला जोडून घेऊन आले. मी ऊस का म्हणाले, ते मला आजही सांगता येतं. कोल्हापूरच्या पोरीला लपायची जागा म्हणजे दुसरं काय सुचणार?

बाईंनी ते मुख्याध्यापिकांना सांगितलं, त्यांनी आप्पासाहेबांना, आणि दोन दिवसांनी आप्पासाहेब आमच्या दारात. आबा ट्रकवर होते, पाच-सहा दिवसांनी यायचे होते. आप्पासाहेब आत आले आणि म्हणाले, "वैनी, आमी सगळ्या मुलखात पावणं शोधतोय तोफेचा पडदा वडायला, आन् खरा मानूस आमच्याच पेठेत! फौजी बोलला कसा न्हाई?" आई गोंधळली. तिनं पदर सावरला, चहा ठेवला. आप्पासाहेबांनी सांगितलं की दगडी पाटीवर आबांचं नाव कोरायचं ठरलं आहे, आणि जाताना दारात विलासदादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "इंजिनाच्या कारखान्यात मी शब्द टाकतो. असल्या बापाचं पोरगं तालमीत बसून राहनार व्हय?" दादा दोन वर्षं नोकरीसाठी फिरत होता. ते गेल्यावर तो अंगणात जाऊन उगीचच म्हशीला थोपटत उभा राहिला. त्याचा चेहरा मी तसा फुललेला कधी बघितला नव्हता.

आई मात्र चुलीपुढं बसली होती. त्या घरात तिला बसलेलं बघायची वेळ क्वचितच यायची. तिनं मला जवळ बोलावलं. "शालू, हे तुला त्यांनी सांगिटलं?"

"व्हय."

"कवा?"

"जोतिबाला गेलतो की ट्रकनं. तवा."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मला न्हाई सांगिटलं कधी." तेवढंच. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला तिथं थांबवेना. मी उठून बाहेर गेले, बोळाच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. आत जाऊन खरं सांगायचं, असं प्रत्येक फेरीला ठरवत होते. दारात दादा दिसला की पाय मागं वळायचे. ते पाच दिवस मी कसे काढले विचारू नका. भूक लागायची आणि ताटावर बसलं की जायची. रस्त्यात लोक मला 'फौजीची पोरगी' म्हणून दाखवायला लागले. भडंगवाल्यानं मूठभर भडंग जास्त दिलं. मी ते कोपऱ्यावर जाऊन टाकून दिलं.

आबा आले ते भर दुपारी. फौंड्रीच्या फाटकावरच कुणीतरी त्यांना हार घातला होता. घरी आले ते हार हातात चुरगाळलेला. त्यांनी आईला काही विचारलं नाही. मला म्हणाले, "चल." आम्ही ट्रकपाशी गेलो. मी केबिनमध्ये चढले, त्यांनी ट्रक सुरू केला आणि रंकाळ्याच्या कडेला नेऊन उभा केला. इंजिन तसंच चालू.

"तू सांगिटलंस?"

"व्हय." मी रडायच्या बेतात होते.

"ऊस तुला कुणी सांगिटला?"

मला प्रश्न कळला नाही. मला वाटलं होतं, ते विचारतील खोटं का बोललीस. मी म्हटलं, "कुणी न्हाई. मीच मनानं."

ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांना इतकं घाबरलेलं आधी कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "आबा, सांगू नका कुणाला. दादाची नोकरी हाय. परत कधी खोटं बोलणार न्हाई." त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. पुढचे आठ दिवस कळलं नाही.

समारंभाला सगळी पेठ लोटली होती. तोफ चौथऱ्यावर चढवली होती आणि तिला वरपासून खालपर्यंत चंदेरी रंग दिला होता. आबा जुना फौजी कोट घालून आले होते. त्याची बटणं आईनं चिंच लावून घासली होती. व्यासपीठावर एक निवृत्त फौजी साहेब, आप्पासाहेब आणि आबा. आबांना खुर्ची दिली होती, पण ते खुर्चीच्या मागं उभे राहिले. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, हलगी वाजली. आप्पासाहेबांनी माइक आबांच्या हातात दिला. बायकांच्या बाजूला आईच्या शेजारी बसून मी तिच्या पदराचं टोक चावत होते.

आबा म्हणाले, "मंडळी, मी ड्रायव्हर हुतो. तोफ मी धरली न्हाई."

माइक खरखरला. काही लोकांना ऐकू गेलं नसावं, ते टाळ्या वाजवायला लागले आणि थांबले.

"धरनारी पोरं दुसरी. त्यातली दोन तितंच गेली. आमी मागनं पोचलो. तोफ उसात हुती. हीच का दुसरी, मला सांगता येत न्हाई. असलीच हुती. मला हुकूम झाला, गाडी लाव आन् वडून आण. मी गाडी मागं घेतली. चाकापाशी त्यांच्यातला एक पोरगा पडलाता. माझ्या विलासएवढा. जिता हुता. पाणी म्हनला. त्यांच्यातबी पाण्याला पाणीच म्हंत्यात. मी माझी बाटली दिली. त्यो प्याला. साहेब म्हनले, आधी तोफ. गाडीत जागा हुती, मंडळी. मागं दोन मानसं निजतील एवढी जागा हुती. पर हुकूम तोफेचा हुता. त्याच्या पायावनं चाक जाऊ ने म्हनून त्याला बाजूला वडला, परत येतो म्हनलं, आन् तोफ घिऊन आलो. दुसऱ्या दिवशी गेलो. त्यो तितंच हुता. एवढंच हाय. माझं नाव पाटीवर घालू नका."

कुणीतरी मागून ओरडलं, "मग काय, आता दुश्मनाची आरती करायची व्हय?" काही लोक हसले, काहींनी त्याला गप्प केलं. पाहुणे साहेब चष्मा काढून पुसत राहिले. आप्पासाहेबांनी हलगीवाल्यांना खूण केली, आणि हलगी इतक्या जोरात सुरू झाली की पुढचं काही कुणाला ऐकू येणार नव्हतं. आबा पायऱ्या उतरले. आई माझ्या शेजारून कधी उठली मला कळलंच नाही. बघते तर ती पायऱ्यांपाशी उभी होती. तिनं त्यांच्या हातातली टोपी घेतली आणि दोघं गर्दीतून घराकडं चालायला लागली. मी चार पावलं मागं. कुणीही माझ्याकडं वळून बघितलं नाही.

घरी आल्यावर आईनं एकच विचारलं, "ती बाटली परत आणलीसा का?"

"न्हाई. त्याच्यासंगं पुरली."

"बरं केलंसा," ती म्हणाली आणि म्हशीला वैरण टाकायला गेली.

आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी नोकरीची गोष्ट पुन्हा काढली नाही, आणि आबांनी काढू दिली नसती. विलासदादा मला म्हणाला, "तुझं त्वांड आन् आबाचं त्वांड. दोघांनी मिळून मला बुडवलं." तो सहा महिने माझ्याशी बोलला नाही. पुढं इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला लागला, तिथंच स्थिरावला, आणि म्हातारपणी आम्ही दोघं या गोष्टीवर हसलो. पण ते हसणं यायला चाळीस वर्षं लागली. तोफ अजून तिथं आहे. टायर कधीच फुटले, खाली सिमेंट भरलंय. चंदेरी रंगाचे इतके थर बसलेत की ढालीवरचे खड्डे बोटाला लागत नाहीत. बहुतेक वेळा ती वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या मागं असते. मागच्या महिन्यात रिक्षातून जाताना मी नातवाला म्हटलं, "ती बघ तोफ," तर तो म्हणाला, "कुठं?"

त्या समारंभानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला पटका, हातात छत्री, काखेत पत्र्याचा डबा. आईनं विचारलं, "कोण पावणं?" म्हणाला, "मी रामू. शाहूवाडीकडनं आलोय, मलकापूरच्या पलीकडनं. त्या दिशी चौकात हुतो. खरं बोलनारा मानूस ह्योच न्हवं?" आबा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी त्याला आत घेतलं. त्या माणसाला आम्ही पुढं रामूनाना म्हणायला लागलो. डब्यात एक तार होती, एक सरकारी पत्र होतं, आणि फौजी कपड्यातल्या एका पोराचा फोटो. धाकटा मुलगा, बाळू. पायदळात होता.

"ह्यात लिवलंय शौर्यानं गेला," रामूनाना म्हणाले. "मास्तरानं वाचून दावलंय. गावात मानसं हार घालत्यात. पर शौर्यानं म्हंजे कसं? कुटं लागलं, किती येळ हुता, संगं कोन हुतं, कायबी न्हाई. त्याची आई इचारती. मी काय सांगू?"

आबा म्हणाले, "मला ठावं न्हाई, नाना. मी तोफखान्यातला. पर इचारतो."

आणि तिथून पत्रं सुरू झाली. आबांना वाचता यायचं, पण लिहायचं म्हटलं की पेन हातात ठरायचं नाही. ते फेऱ्या मारत सांगायचे, मी लिहायची. त्यांच्या पलटणीच्या कचेरीला, तिथल्या एका ओळखीच्या हवालदाराला, त्यानं सांगितलेल्या दुसऱ्याला. पोस्टमनची सायकल बोळात वाजली की आम्ही दोघंही दाराकडं जायचो, आणि लाइटचं बिल नाहीतर लग्नाची पत्रिका हातात पडली की पुन्हा आपापल्या जागी. रामूनाना महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायचे, आलं का विचारायचे, चहा घ्यायचे आणि लगेच परत निघायचे. उन्हाळा गेला, पाऊस आला. गणपती बसले, उठले. मग एक दिवस साताऱ्याकडच्या एका नाईकाचं पत्र आलं. तो बाळूच्याच तुकडीतला, आता नोकरी सोडून घरी आलेला. ते पत्र मी आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर आबा अंगणात गेले आणि फौंड्रीची वेळ होईपर्यंत आत आले नाहीत.

पुढच्या रविवारी आबांनी मालकाला विचारून ट्रक घेतला आणि आम्ही शाहूवाडीकडं निघालो. पत्र माझ्या परकराच्या कनवटीला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पोटरीला आलेली, मधूनच पावसाची सर यायची आणि काचेवरून ओघळायची. मला बसवत नव्हतं. मी खिडकीकडं सरकायची, परत मधे यायची. मलकापूर मागं पडल्यावर मी म्हटलं, "आबा, जरा बदलून वाचू?"

"काय बदलनार?"

"गाडी उलटली असं नको. गोळी लागली म्हणतो. त्यांना वाचता येत न्हाई."

आबांनी पुढची दोन वळणं घेतली. मग म्हणाले, "वाचनार तू हाईस. मी मधे बोलनार न्हाई."

मला त्यांनी नको म्हणायला हवं होतं. नको म्हणाले असते तर सगळं सोपं झालं असतं.

रामूनानांचं घर गावाच्या टोकाला, पुढं सारवलेला ओटा. भिंतीवर बाळूचा फोटो, त्याला ताजा हार. आम्ही पत्र घेऊन आलोय म्हटल्यावर नाना छत्री न मिटताच ओट्यावर बसले. बाळूची आई आतून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. लहानखुरी बाई, हाताला पीठ लागलेलं. आबा अंगणात ट्रकपाशीच थांबले. मी पत्र उघडलं. सुरुवातीचा नमस्कार वाचला, लिहिणाऱ्याचं नाव वाचलं. मग ती ओळ आली. माझ्या तोंडात दुसरा शब्द तयार होता. 'गो' एवढं अक्षर मी उच्चारलंसुद्धा. समोर नाना डोळे मिटून, मान पुढं काढून ऐकत होते, एकही शब्द सांडू नये असे. मी थांबले. ओळीवर बोट ठेवलं आणि लिहिलं होतं तसं वाचलं.

पहाटे धुकं फार होतं. बाळूची गाडी कालव्याच्या कडेनं चालली होती. कड खचली आणि गाडी पाण्यात उलटी झाली. तिघं आत अडकले. आम्ही हातांनी दार ओढत होतो, पण निघालं नाही. शत्रू तिथून लांब होता. एकही गोळी सुटली नव्हती. सरकारी पत्रात काय लिहिलं ते मला माहीत नाही. तुम्ही खरं विचारलं म्हणून खरं लिहितो.

नानांनी डोळे उघडले. "म्हंजे लढाईत न्हाई."

अंगणातून आबा म्हणाले, "न्हाई, नाना."

नाना उठले आणि ओट्याच्या पार टोकाला जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता ते आम्हाला जायला सांगतील. भिंतीवरचा हार काढून टाकतील. माझे पाय ओट्याखाली उतरू बघत होते. पत्राच्या शेवटी चार ओळी उरल्या होत्या. घरी मी त्या मोठ्यानं वाचल्याच नव्हत्या, त्यात काही अर्थ नाही म्हणून. आता शांतता सोसेना म्हणून वाचल्या. आदल्या दिवशी दुपारी फौजेच्या लंगरात भात झाला होता. महिनाभर रोटीच होती. बाळूनं तीनदा भात घेतला. म्हणाला, वास आमच्या गावच्या भाताचा नाही, पण भात आहे. मग पातेल्याच्या बुडाची खरवडसुद्धा त्यानंच खाल्ली.

चौकटीतून आवाज आला, "ते परत वाच."

मी पुन्हा वाचलं. बाळूची आई दोन पावलं पुढं आली. "तीनदा घेतला?"

"व्हय. तीनदा."

"परत वाच."

मी तिसऱ्यांदा वाचायला लागले, आणि खरवड या शब्दाला ती माझ्या आधीच पोचली. "खरवड म्हंजे त्याचीच," ती म्हणाली. "थोरल्याला कवा मिळू दिली न्हाई त्यानं." तिनं पिठाचा हात तोंडावर धरला. ती हसत होती का रडत होती, मला दिसलं नाही.

ओट्याच्या टोकाला पाठमोरे उभे असलेले रामूनाना वळले. त्यांनी छत्री मिटली.

"पोरी, मोठ्यानं वाच की," ते म्हणाले. "मला हितनं ऐकू येत न्हाई."